काकांचं वय

"काकांचं वय काय असेल आता?" श्रेयानं विचारलं.

"एकोणतीस," बानाबाई म्हणाली.

क्षणभर कँटीनमध्ये कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळ्या बाया एकदम हसत सुटल्या. साळूबाईनं टेबलावर थाप मारली, पदर तोंडात कोंबला. "अगं बया, म्हंजी तुझ्या लेकापेक्षा, सत्यमपेक्षा ल्हान!" असं ती म्हणाली तेव्हा पुन्हा हशा उसळला, ताटं विसळणारा माणूससुद्धा मान वर करून बघायला लागला. श्रेयालाही हसू आलं, पण ती पडली ऑफिसातली पोरगी. हसू आवरून तिनं पेन सरसावलं. या वर्षात रिटायर होणाऱ्या बायांना तिनं जेवणाच्या सुट्टीनंतर मुद्दाम थांबवून घेतलं होतं. पुरुष आपापलं बघून घेतात, तुम्ही घरी विचारून सांगते म्हणता आणि राहून जातं, असं ती सुरुवातीलाच म्हणाली होती. नोकरी संपली की ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड बंद पडतं. पण निदान पाच वर्षं पगारातून कापून गेलेलं असेल आणि वय झालं म्हणून निवृत्त होत असाल, तर वर्षाकाठी थोडकं काही भरून दवाखाना पुढंही चालू ठेवता येतो; तुम्हालाही आणि नवऱ्यालाही. मात्र ते आपोआप होत नाही. कुणी घरी विचारायला येत नाही. कंपनीचा दाखला घेऊन आपणच जायचं. "तुमच्यातल्या निम्म्याजणी साखरेच्या गोळ्या खाता, मावशी. त्या कार्डावरच मिळतात ना? मग उद्या काय करणार?" हे तिचं बोलणं बानाबाईला पटलं होतं. सगळं नीट ऐकलं होतं तिनं. मधूनमधून मानही हलवली होती. नंतर एकेकीच्या घरी कोण कोण आहे हे विचारत श्रेया तिच्यापाशी आली, आणि तोंडातून ते निघून गेलं.

"मागलंच सांगितलं व्हय ओ," बानाबाई म्हणाली. "आता आसतील साठ-बासष्ट."

एवढं ती बोलली आणि तिचा नवरा भिकन म्हातारा झाला. असा, तिच्या डोळ्यांदेखत, त्या कँटीनच्या टेबलापाशी. केस पांढरे झाले, गाल आत गेले, मानेवरची कातडी सैल पडली. इतकी वर्षं तो जसा होता तसा राहिला होता, तो एका वाक्यात बसला खाली, गुडघ्यावर हात टेकून. तिला वाटलं, आपण त्याला काहीतरी केलं. श्रेया पुढच्या बाईकडं वळली होती.

लाइनवर परत आल्यावर तिनं टेप हातात घेतली. गाड्यांच्या वायरी जुळवून बांधायचं काम. लाल, पिवळी, काळी, पांढऱ्यावर हिरवी रेघ असलेली, कुठली कुठं जायची हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. हात चालत राहिले. डोक्यात होती ती मेंढरांचा तळ उठवायचा होता त्या सकाळची गोष्ट. जालन्याच्या पुढं कुठंतरी, कापूस वेचून झालेल्या एका रानात मेंढरं बसवलेली होती. एक मेंढी रात्रीतून कमी भरली. भिकननं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली, कुत्रं संगं घेतलं आणि म्हणाला, "तू भाकरी टाक, म्या आलोच." सत्यम तिच्या मांडीवर होता, चार वर्षांचा, तापानं फणफणलेला. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. भाकरी झाल्या, निवल्या. संध्याकाळी कुत्रं एकटंच परत आलं आणि तळापासून दूर उभं राहून भुंकत राहिलं, जवळ येईना. दिरानं, इतर गड्यांनी विहिरी बघितल्या, ओढे बघितले, पोलिसांत गेले. कमी भरलेली मेंढी दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात सापडली. माणूस नाही.

पुढं तिचा भाऊ तिला वाळूजला घेऊन आला, आधी कंपनीच्या कँटीनला भाकऱ्या थापायला आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं लाइनवर. तिथल्या बायांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मालक काय करतात?" ती म्हणाली, "मेंढरामागं आसतात." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. पण ते वाक्य असं होतं की ते कधी जुनं होत नव्हतं. दर वर्षी कुणी नवी बाई आली की तेच वाक्य, आणि त्या वाक्यात तो एकोणतीस वर्षांचा, काटक, उजव्या नाकपुडीला भोक असलेला, कुठल्यातरी बांधावर चालत होता. ते भोक त्याच्या आईनं पाडलं होतं. आधीची तीन पोरं दगावली म्हणून हा जन्मल्यावर तिनं पाच घरी पदर पसरून अंगडं-टोपडं मागून आणलं, नाक टोचलं आणि नाव भिकन ठेवलं. मागून आणलेल्याकडं मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. बानाबाईला ते लग्नानंतर तो स्वतःच सांगायचा, हसत हसत, "मला काय हुत न्हाई गं." कपाळाचं कुंकू तिनं त्या बोलावर ठेवलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

शिफ्ट सुटली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला पहिल्यांदा ध्यानात आलं की आपण कायम बाहेर बघत आलो आहोत. रोज. रांजणगावच्या फाट्यावर, कामगार चौकात, चहाच्या टपऱ्यांवर उभ्या असलेल्या गड्यांच्या घोळक्यात डोळा जायचा, पाठमोऱ्या खांद्यांवर थांबायचा आणि सुटायचा. सवयच होती, जशी जिन्याच्या पायऱ्या न बघता उतरायची असते तशी. पण ते सगळे खांदे तरण्या माणसांचे. म्हाताऱ्यांकडं तिनं कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे गेली दहा-पंधरा वर्षं ती चुकीच्या वयाच्या माणसाला हुडकत होती. तो कधी पुढ्यातून गेला असेल, रस्ता ओलांडताना तिच्या बसला थांबावं लागलं असेल, ड्रायव्हरनं त्याला शिवी दिली असेल, आणि ती त्याच्यामागच्या कुणा पोरसवद्या गड्याकडं बघत राहिली असेल. घरी सत्यमनं दार उघडलं तेव्हा ती त्याच्या तोंडाकडं बघत उंबऱ्यातच थांबली. सत्यम बापावर गेला होता असं सगळे म्हणत. बापाच्या वयाला येऊन तो कधीच पुढं निघून गेला होता, कानशिलावर पांढरं दिसायला लागलं होतं. आणि तिला कळलं, की सत्यमला तिशी लागली तेव्हापासून आपल्याला भिकनचं तोंड स्वच्छ असं आठवतच नाही. पोराचं तोंड पुढं सरकत गेलं, आणि बापाचं त्याच्यामागं झाकलं गेलं.

त्यानंतर म्हातारे दिसायला लागले. आधी ते कुठं होते कोण जाणे. देवळाच्या पायरीवर, दवाखान्याच्या बाकावर, सिग्नलपाशी काठी टेकून. एक जण खोकायचा आणि तिचा हात थांबायचा. खोकला ओळखीचा वाटायचा. पण भिकनचा खोकला कसा होता हे तिला कुठं ठाऊक होतं? तो कधी खोकलाच नव्हता. तिला त्याचं दुखणं तेवढं एक आठवत होतं, पोटात कळा येत होत्या तेव्हा तळावरच्या एका म्हाताऱ्यानं विळा तापवून डाग दिला होता, आणि तो दातावर दात धरून आभाळाकडं बघत पडला होता. मेंढरामागं फिरणाऱ्याला कुठला दवाखाना. आता तो साठीचा. आता त्याचे गुडघे गेले असतील. डोळ्यांत मोतीबिंदू. साखर असेल तर त्याला कळणारसुद्धा नाही, पायाला जखम होईल आणि भरणार नाही, तो त्या जखमेवर चुना लावत बसेल. ईएसआयच्या दवाखान्यात ती आपल्या गोळ्या घ्यायला रांगेत उभी राहिली की वाटायचं, बाहेर फाटकापाशी कुणीतरी उभं आहे, घोंगडीचा ओला वास येतोय, आणि शिपाई त्याला म्हणतोय, कार्ड दाखव. ती वळून बघायची. फाटकापाशी मोटारसायकली.

सुट्टीच्या दिवशी ती शहरात जायला लागली. घरी सांगायची, साळूबाईकडं चालले. शहागंजातून फिरायची, बसस्टँडच्या कडेकडेनं जायची, जिथं म्हातारी माणसं दिवस काढतात तिथं तिथं. कुणाशी बोलायची नाही. समोरून जायची, नाकाकडं बघायची आणि पुढं.

"आई, तू बसस्टँडवर काय करायलीस?" एका संध्याकाळी सत्यमनं विचारलं. "विश्वजीतनं बघितलं तुला. हाक मारली तर वळलीबी नाय म्हणे."

विश्वजीत सत्यमच्या कामावरचा मित्र. बानाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"बाबाला हुडकायलीस ना?"

"कार्ड काढायचंय. पोरगी इचारती, मालकाचं वय काय, आधार कुठंय."

"तर मग सांग ना, नायत म्हणून." तो खाली तिच्यासमोर बसला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "माणूस सात वर्षं कुणाला दिसला नाय तर कायदा त्याला गेलाच धरतो. म्या वकिलाला इचारलंय. कोर्टात एकदा करून टाकू, आन तू मोकळी हो."

"कायदा धरील. त्याला काय, घरात झोपायचंय का माझ्या?"

"मला त्यांचं तोंडबी आठवत नाय, आई. मला नुस्तं ते कुत्रं आठवतं. लांब उभं राहून भुंकतंय." मग जरा थांबून म्हणाला, "पुन्यांदा असं कुणाला हुडकायला मला लावू नको. तू हरवलीस तर मी कुठं जाऊ?"

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण पुढच्या सुट्टीला ती शहरात न जाता पाचोडकडं, सासरी गेली. सासू, चतुराबाई, दिराच्या घराच्या ओसरीवर पडून असायची. डोळे गेलेले, अंगात काही उरलेलं नाही, पण बोलणं खणखणीत. बाजाराचा दिवस होता, घरातली सगळी बाजाराला. बानाबाईनं तिचे पाय चेपले, चहा पाजला आणि मग विचारलं, "आत्याबाई, ह्यांचं वय आता काय आसंल ओ?"

"कोनाचं? भिकनचं व्हय?" म्हातारीनं डोळे मिटल्या मिटल्याच हसल्यासारखं केलं. "त्येला आजून दाढी कुठं नीट फुटलीया."

"आत्याबाई..."

"दिवस कलला की येतो की. सारा धुरळा आंगाला. हितं पायाशी मुटकुळं करून निजतो. म्या म्हनते, आरं हात-पाय तरी धू." तिचा हात पायथ्याशी चाचपडत गेला आणि तिथं नसलेलं काहीतरी थोपटत राहिला. बानाबाईनं आपले पाय जवळ ओढून घेतले. "तुज्याकडं येत न्हाई?" म्हातारीनं विचारलं.

"येतात."

"कसा येतो?"

"म्हातारं हून येतात, आत्याबाई. खोकतात. चालवत नाय त्यांना."

म्हातारीचा हात थांबला. तिनं ते गेलेले डोळे उघडले आणि बानाबाईच्या आवाजाच्या दिशेनं फिरवले. "तुजं कार्ड-बिर्ड काय आसंल ते कर," ती म्हणाली, "माज्या लेकराला म्हातारं करू नगंस."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर मोसंबीच्या बागा मागं जात होत्या आणि तिच्या मनात एकच येत होतं, की त्या माणसाचे तीन झालेत. आईकडं एक येतो, तो पोर आहे. सत्यमकडं तर तो येतच नाही, त्याच्या वाट्याला नुसतं भुंकणं. आणि माझ्याकडं येतो तो रोज जास्त थकलेला असतो. आता तो पलंगाशीच येऊन बसायला लागला होता. दिवसाढवळ्या. ती घरात एकटी असली की भिंतीला टेकून बसायचा आणि काही मागायचा नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. त्याला गरम पाणी द्यावं, पाय बघावेत असं तिला वाटायचं, आणि त्याच वेळी वाटायचं, माझे गुडघे दुखतात, माझी नोकरी आता संपेल, मी कधी टेकू? हे दुसरं वाटणं ती झटकून टाकायची. बाईमाणसानं असं मनात आणू नये.

घाटीत ती गेली त्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. सरकारी दवाखान्याच्या त्या मोठ्या आवारात माणसं झाडाखाली, भिंतीच्या सावलीला, जिथं जागा मिळेल तिथं पथाऱ्या टाकून होती; डबे, चादरी, सलाईनच्या बाटल्या. ती त्यांच्यातून सावकाश चालत गेली. आणि थांबली. भिंतीशी एक जण उकिडवा बसला होता, पाठमोरा. ऊन असून डोक्यावरून घोंगडी. काठी डाव्या पायाखाली दाबून धरलेली. मेंढपाळ काठी कधी बाजूला ठेवत नाही, पायाखाली धरतो, म्हणजे उठताना हात रिकामा राहतो. भिकन तशीच धरायचा. तिच्या कानात सगळ्या आवाराचा आवाज बंद झाला. पाय पुढं पडत होते, पण ते ती टाकत नव्हती. आता तो वळेल. आता तो वळेल आणि म्हणेल, भाकरी झाल्या का. मग त्याला घरी न्यायचं. सत्यमला सांगायचं. सुनेनं पुढची खोली द्यायची की मागची? त्याला न्हाऊ घालायचं, त्याला आता मी कोण हेही कळेल की नाही, आणि त्याच्याशी काय बोलायचं रोज संध्याकाळी? एवढं सगळं त्या चार-दोन पावलांत तिच्या मनातून गेलं. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यानं घोंगडी मागं सारली. रुंद नाक, पांढऱ्या मिशा. दोन्ही नाकपुड्या धड. भोक नव्हतं.

"सुटले बाई," तिच्या तोंडून आलं.

चांगलं मोठ्यानं आलं. तिनं पदर तोंडावर दाबला, पण आलेलं आलं होतं.

"कोन सुटलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ती तिथंच भिंतीशी बसली. म्हाताऱ्यानं काठी जरा सरकवून तिला जागा दिली आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली. ती प्यायली. त्याचं नाव फकिरा, फुलंब्रीकडचा, पूर्वी मेंढरं होती, आता नाहीत. छातीत पाणी झालंय म्हणतात. लेक चिठ्ठी काढायला गेला होता, अजून आला नव्हता. "तुमचं कोन हाय आत?" त्यानं विचारलं.

"कुणी नाय."

"मंग एवढ्या उन्हाचं?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं विचारलं, "सत्तरी उलटली का तुमची?"

"लई दिवस झाले."

"आन सरकारी कार्ड काढलंय का? आधार हाय ना संगं?" त्यानं नाही-व्हय अशी मान हलवली. मग ती त्याला सांगत बसली, सावकाश, श्रेया त्यांना सांगायची तसं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला दवाखान्यासाठी सरकारचं वेगळं कार्ड मिळतं. गरीब-श्रीमंत बघत नाहीत, वय बघतात. आत या कार्डांचं बघणाऱ्या आरोग्यमित्राची खिडकी असते, लेकाला आधार घेऊन तिथं इचारायला लावा. आपोआप होत नाही, आपणच जायचं. सांगता सांगता तिला रडू येत होतं आणि ती ते थांबवत नव्हती. म्हातारा रडण्याकडं न बघता सगळं नीट ऐकून घेत होता, मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत. त्याचा लेक आला, घामेजलेला, हातात कागद. त्यानं या बाईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं काठी टेकली, उठला. जाताना तिला म्हणाला, "तुमी घरी जा आता. ऊन लई हाय."

ती गेली नाही लगेच. भिंतीचा दगड पाठीला गरम लागत होता. शेजारी म्हातारा बसला होता ती जागा मोकळी होती आणि तिथं दुसरं कुणी येऊन बसत नव्हतं. ती त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. सुटले, असं आपण म्हणालो. कुणी म्हणायला लावलं नव्हतं. तीस वर्षांवर ज्याची वाट बघितली तो नाही निघाला, आणि छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा तसा श्वास आला. हे आधीपासून होतं? कधीपासून? ती आठवू लागली, मागं मागं जाऊ लागली, पण त्या वाटेवर तिला भिकन कुठं भेटला नाही. ना तरणा, ना म्हातारा. नुसतं वेचून झालेल्या कापसाचं रान, आणि वारा. घोंगडीचा वास येत नव्हता. कुणी खोकत होतं, पण ते दवाखान्यातलं कुणीतरी खोकत होतं. ती उठली, कुंकू घामानं ओघळलं होतं ते पदरानं टिपलं, आणि बस धरून घरी आली. सत्यमनं विचारलं, कुठं गेली होतीस. घाटीत, ती म्हणाली. त्यानं पुढं विचारलं नाही, बायकोला ताट वाढायला सांगितलं. ती जेवली आणि झोपली. भिंतीशी त्या दिवशी कुणी येऊन बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच श्रेयाच्या टेबलाशी गेली.

"बरं झालं आलात, मावशी. तुमचंच राहिलंय बघा. काकांचं आधार आणलंत? नसेल तर फोटो तरी?"

"माझ्या एकटीचं करा."

"अहो, असं का? दोघांना मिळतं. सोडू नका, उतारवयात त्यांनाच जास्त लागेल."

"ते गेले."

श्रेयाचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. मला खरंच माहीत नव्हतं हो. आणि त्या दिवशी मी सगळ्यांसमोर... कधी?"

बानाबाईनं खिडकीबाहेर बघितलं. शेडच्या पत्र्यावर ऊन होतं, खाली माल भरायच्या गाड्या लागल्या होत्या.

"काल," ती म्हणाली.

श्रेया तिच्या तोंडाकडं बघत राहिली. कपाळावर कुंकू नव्हतं. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. ती खुर्ची मागं सारून उठली, काय करावं ते न कळून टेबलाला वळसा घालून यायला लागली.

"काल? आणि तुम्ही आज कामावर..."

"बस पोरी," बानाबाई म्हणाली. "सही कुठं करू तेवढं दाव."